अल्प किमतीचा छोटा लॅपटॉप आणि मुक्तस्रोत संचालन प्रणाली : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयातील संगणक खरेदीची रीत सर्वपरिचित आहे. विभागाकडून मागणीपत्र येते, दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि खरेदी समिती न्यूनतम दराची शिफारस करते. त्या तक्त्यात प्रोसेसर, मेमरी, साठवणक्षमता, पडद्याचा आकार, वॉरंटी आणि किंमत यांचे रकाने असतात. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संगणकाची संचालन प्रणाली, हा रकाना असलाच तर शेवटी असतो आणि त्याचा विचार केवळ किमतीच्या अंगाने होतो. लिनक्ससह येणारा लॅपटॉप विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडतो म्हणून तो घेतला जातो. आणि पुष्कळदा खरेदीनंतर त्यावरील लिनक्स पुसून टाकली जाते. अशा वेळी मुक्तस्रोत प्रणालीची निवड झाली असे म्हणावयाचे, की खर्चातील एका रकमेची वजाबाकी झाली असे म्हणावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा २००७ साली आलेल्या दोन छोट्या लॅपटॉपच्या आधारे केली आहे. पहिला, ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकेतील प्रकल्पाचा एक्सओ-१. दुसरा, तैवानच्या असुस कंपनीचा ई-पीसी ७०१. दोन्ही आकाराने लहान, दोन्ही त्या काळाच्या मानाने स्वस्त आणि दोन्हींवर लिनक्सवर आधारलेली प्रणाली होती. मात्र ती प्रणाली स्वीकारण्यामागील कारणे भिन्न होती, आणि या भिन्नतेचे परिणाम आजच्या खरेदीदारालाही विचारात घ्यावे लागतील असे आहेत. स्वस्तपणा आणि मुक्तता हे दोन स्वतंत्र गुण आहेत; मुक्तता केवळ स्वस्तपणासाठी स्वीकारली, तर किमतीतील फरक मिटताच सर्वप्रथम तीच टाकून दिली जाते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मोफत आणि मुक्त

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, इतरांना देण्याचे आणि सुधारून पुन्हा वाटण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला असावे, हा त्यामागील विचार होता. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढे तो ग्नूच्याच सार्वजनिक परवान्याखाली आला. ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. इंग्रजीत स्वतंत्र आणि विनामूल्य या दोन्ही अर्थांसाठी एकच शब्द वापरला जात असल्याने त्या भाषेत या विचाराचा सतत खुलासा करावा लागला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. तरीही व्यवहारात ‘लिनक्स म्हणजे फुकटची’ हेच समीकरण दृढ झाले. शब्द वेगळे असूनही अर्थ एकत्र झाले, कारण खरेदीच्या तक्त्यात दुसऱ्या अर्थाला जागाच नव्हती.

एक्सओ-१ : तत्त्व म्हणून मुक्तता

निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ च्या प्रारंभी दावोस येथे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००७ च्या अखेरीस एक्सओ-१ चे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले तेव्हा त्याची किंमत सुमारे १८८ डॉलर झाली होती. म्हणजे शंभर डॉलरचे आश्वासन पाळले गेले नाही. यंत्राची क्षमताही माफक होती : ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि १ गिगाबाइट फ्लॅश साठवण. परंतु या माफक सामग्रीची मांडणी विचारपूर्वक केली होती. साडेसात इंची पडदा भर उन्हात वाचता येत असे. हार्डडिस्क किंवा पंखा असे फिरणारे भाग नव्हते. रबरी कळफलक धूळ आणि पाण्यापासून बंदिस्त होता. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने यंत्र उघडता यावे अशी रचना होती आणि हरवल्यास उपयोगी पडावेत म्हणून काही जादा स्क्रू यंत्राच्या मुठीतच ठेवलेले होते. दुरुस्ती ही वापराचाच भाग आहे, असे हे यंत्र आपल्या बांधणीतून सांगते.

त्याची प्रणाली फेडोरा लिनक्सवर बेतलेली होती आणि तिच्यावर ‘शुगर’ नावाचे मुलांसाठी रचलेले दृश्य आवरण होते. शुगरचा मोठा भाग पायथॉन भाषेत लिहिलेला असल्याने तो वाचता आणि बदलता येत असे. कळफलकावर एका कळीला, चालू असलेल्या कार्यक्रमाची मूळ आज्ञावली दाखविण्याचे काम नेमून दिलेले होते. शाळकरी मूल ती कळ दाबून किती शिकेल याविषयी शंका घेता येते. परंतु ती कळ तेथे असणे हे एक विधान होते. यंत्राच्या आत पाहण्याचा अधिकार वापरणाऱ्याला आहे, असे ते विधान होय. अर्थात ही मुक्तताही पूर्ण नव्हती. बिनतारी जोडणीच्या चिपमधील आज्ञावली बंदिस्तच होती आणि त्यावर त्या वेळी मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांनीच टीका केली.

प्रकल्पाचा शैक्षणिक हिशोब मात्र संमिश्र राहिला. उरुग्वेने २००७ मध्ये सुरू केलेल्या सेइबाल योजनेतून २००९ पर्यंत सार्वजनिक प्राथमिक शाळांतील मुलांपर्यंत ही यंत्रे पोहोचविली. पेरू देशातील ३१९ ग्रामीण शाळांच्या आधारे इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य आकलनक्षमतेच्या काही चाचण्यांत अनुकूल परिणाम दिसला. भाषा आणि गणित या विषयांतील संपादणुकीत मात्र वाढ आढळली नाही. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या प्रकल्पात सहभागी होण्यास नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतनजीकच्या खैराट धनगरवाडा येथील छोट्या शाळेत ही यंत्रे आली. शुगरमधील गप्पांच्या सुविधेचा वापर करून तेथील मुले परस्परांना गणिते घालीत. या खेळातून घडणाऱ्या शिक्षणाचा होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी अभ्यासही केला. पेरू आणि खैराट ही उदाहरणे शेजारी ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. मुक्त प्रणाली असलेले यंत्र हाती देणे पुरेसे नाही. त्या मुक्ततेचा उपयोग करणारी माणसे यंत्राभोवती असावी लागतात.

ई-पीसी ७०१ : काटकसर म्हणून मुक्तता

असुसने जून २००७ मध्ये ई-पीसीची घोषणा केली तेव्हा १९९ डॉलरपासून सुरू होणाऱ्या किमतीचा उल्लेख झाला होता. प्रत्यक्षात ४ गिगाबाइट साठवणीचे प्रमुख प्रारूप अमेरिकेत ३९९ डॉलरला विकले गेले. ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन एम प्रोसेसर (तो प्रत्यक्षात ६३० मेगाहर्ट्झवर चालविला जाई), ५१२ मेगाबाइट मेमरी, ८०० गुणिले ४८० बिंदूंचा सात इंची पडदा आणि एक किलोहून कमी वजन, अशी ही रचना होती. या यंत्राने ‘नेटबुक’ हा वर्गच निर्माण केला. प्रवासात, वर्गात, ग्रंथालयात नेता येईल असा संगणक सामान्य मिळकतीच्या ग्राहकाच्या आवाक्यात येऊ शकतो हे त्याने सिद्ध केले. हे श्रेय नाकारता येणार नाही.

त्यावर झँड्रॉस ही लिनक्सची आवृत्ती होती. तिची दर्शनी मांडणी इंटरनेट, काम, शिक्षण, खेळ अशा ठळक चित्रांच्या कप्प्यांत केली होती. नवशिक्याला ती सोपी वाटे. परंतु त्या सोपेपणाआड संपूर्ण प्रणाली झाकली गेली होती. नेहमीचे पूर्ण दालन उघडण्यासाठी वापरकर्त्याला वेगळी खटपट करावी लागे. एक्सओ-१ मध्ये आत पाहण्यासाठी कळ होती; ई-पीसीमध्ये आतले दिसू नये अशी मांडणी होती. शिवाय लिनक्सच्या गाभ्यात केलेले बदल परवान्यानुसार खुले न केल्याचा आक्षेप २००७ च्या अखेरीस घेतला गेला आणि त्यानंतर कंपनीने ती आज्ञावली उपलब्ध करून दिली. विंडोज एक्सपी बसविण्यासाठी लागणारे ड्रायव्हर्सही या यंत्रासोबतच दिले जात. लिनक्स ही येथे यंत्राची ओळख नव्हती. कमी मेमरी आणि कमी किमतीत जे बसले ते स्वीकारले गेले होते.

याचा प्रत्यय लवकरच आला. विंडोज व्हिस्टा या छोट्या यंत्रांवर चालणे कठीण होते. तेव्हा मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये, इतरत्र विक्रीतून बाद होऊ घातलेली एक्सपी अत्यल्प किमतीच्या संगणकांसाठी पुढेही उपलब्ध ठेवण्याचे जाहीर केले. त्यासाठी यंत्राची मेमरी आणि पडद्याचा आकार यांवर मर्यादा घालण्यात आल्या. परिणामी छोटा लॅपटॉप किती छोटा असावा हे ग्राहकाच्या गरजेऐवजी परवान्याच्या अटींवर ठरू लागले. २००८ च्या पूर्वार्धात अमेरिकेतील नेटबुक विक्रीत विंडोजचा वाटा दहा टक्क्यांहून कमी होता, तो फेब्रुवारी २००९ मध्ये ९६ टक्क्यांवर गेला, असा दावा मायक्रोसॉफ्टने बाजारपाहणी करणाऱ्या एनपीडी संस्थेच्या आकड्यांच्या आधारे केला. हा दावा स्पर्धकाचा आहे हे लक्षात ठेवूनही बदलाची दिशा नाकारता येत नाही. पुढे नेटबुकसाठी आलेल्या विंडोज ७ स्टार्टर या आवृत्तीत पडद्यामागील चित्रदेखील बदलता येत नसे. ज्या वर्गाचा प्रारंभ मुक्त प्रणालीने झाला, त्याच वर्गात दोन-तीन वर्षांत वापरकर्त्याचा अधिकार इतका आकसला.

मे २००८ मध्ये एक्सओ-१ वरही एक्सपी चालविण्याचा करार जाहीर झाला. त्याआधी काही आठवडे प्रकल्पातून बाहेर पडलेल्या वॉल्टर बेंडर यांनी शुगर लॅब्स स्थापन करून शुगरचा विकास स्वतंत्रपणे पुढे नेला. प्रकल्पाचे धोरण डळमळले तरी शुगर टिकली, कारण तिचा परवाना मुक्त होता आणि ती मुक्ततेसाठीच हाती घेणारी माणसे होती. ई-पीसीवरील झँड्रॉसच्या मांडणीसाठी असे कोणी पुढे आले नाही. दोन यंत्रांतील फरक येथे सर्वाधिक स्पष्ट होतो.

आयुर्मानाचा हिशोब

मुक्ततेचा लाभ खरेदीच्या दिवशी दिसत नाही; तो यंत्र जुने झाल्यावर दिसतो. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. त्यानंतर ई-पीसी ७०१ वर एक्सपी वापरणे सुरक्षित राहिले नाही. याच ३२-बिट यंत्रावर डेबियन लिनक्सची २०२३ मध्ये आलेली बारावी आवृत्तीही बसविता येते. तिच्यासाठी ४ गिगाबाइटची जागा तोकडी पडते आणि हलकी मांडणी निवडावी लागते, हे मान्य करावे लागेल. ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून डेबियनने अशा जुन्या यंत्रांवर नवी प्रतिष्ठापना देणे थांबविले. त्याआधीच उबुंटूने २०१७ मध्ये आणि फेडोराने २०१९ मध्ये हा निर्णय घेतला होता. म्हणजे मुक्त प्रणालीलाही अंत आहे. परंतु तो यंत्र विकणाऱ्याच्या धोरणाने ठरत नाही, सांभाळणाऱ्या समुदायाच्या बळाने ठरतो, आणि या उदाहरणात तो बराच उशिरा आला.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर आवश्यक मानला जातो. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक लॅपटॉप केवळ या अटींमुळे कालबाह्य ठरतात. महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांची नोंद निर्लेखनासाठी होण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालते काय, हे तपासणे हा नव्या खरेदीइतकाच महत्त्वाचा निर्णय आहे.

देवनागरीचा निकष

मराठी माध्यमातून काम करणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने आणखी एक निकष आवश्यक ठरतो. देवनागरीत मात्रा, अनुस्वार व रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार, ऋकार व काही जोडाक्षरांचे भाग खाली येतात. त्यामुळे ओळींमधील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक लागते. ई-पीसी ७०१ च्या ४८० बिंदूंच्या उंचीत, वरच्या पट्ट्या वजा जाता, देवनागरी मजकुराच्या मोजक्याच ओळी मावत. छोटा लॅपटॉप निवडताना पडद्याची उंची किमान ७६८ बिंदू असावी, हा नियम मराठी लेखनासाठी सोयीचा ठरतो.

दुसरी बाब टंकांची. वर्षानुवर्षे महाविद्यालयीन अंक, प्रश्नपत्रिका आणि अहवाल युनिकोडपूर्व टंकांत तयार झाले. तो टंक आणि त्याचा परवाना नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक चिन्हांचा दिसतो. स्वतःचेच लेखन वाचण्यासाठी परवानगी लागावी, हा बंदिस्तपणाचा सर्वांत जवळचा अनुभव म्हणता येईल. लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी आणि भारतीय मानकात समाविष्ट असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक सहज उपलब्ध होतात. लोहितसारखे किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ यांसारखे खुल्या परवान्याचे टंक वापरता येतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हवी असल्यास अशा टंकांत ती कायदेशीररीत्या घालता येतात. मुक्ततेचे चौथे स्वातंत्र्य, म्हणजे सुधारणेचे स्वातंत्र्य, एका अक्षराच्या वळणापर्यंत असे पोहोचते.

आजचे पर्याय

अल्प किमतीत आज तीन मार्ग दिसतात. पहिला क्रोमबुकचा. २०११ पासून बाजारात असलेल्या या यंत्रांचा गाभा लिनक्सचाच आहे. परंतु अद्ययावतीकरणाची मुदत कंपनी ठरविते. २०२३ मध्ये ती दहा वर्षांपर्यंत वाढविल्याचे जाहीर झाले. गाभा मुक्त आणि नियंत्रण बाहेर, असे हे मिश्रण आहे. दुसरा मार्ग पाइन ६४ या उपक्रमासारख्या, मुक्त प्रणालीसाठीच बनविलेल्या यंत्रांचा. २०१७ मधील पाइनबुकची घोषित किंमत ८९ डॉलरपासून होती आणि २०१९ मधील पाइनबुक प्रो १९९ डॉलरचे होते. एक्सओ-१ चा विचार येथे पुढे आलेला दिसतो. मात्र जवळपास सेवाकेंद्र नसल्याने आणि एआरएम प्रोसेसरवर प्रत्येक आज्ञावली तयार मिळत नसल्याने ही यंत्रे जाणकाराच्याच हाती शोभतात.

तिसरा मार्ग साध्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपचा. येथे स्वस्ताईचा मोह सर्वाधिक घातक ठरू शकतो. २०१४ ते २०१६ च्या सुमारास अ‍ॅटम प्रोसेसरचे, २ गिगाबाइट मेमरी आणि ३२ गिगाबाइट साठवण असलेले अनेक छोटे लॅपटॉप आले. त्यांतील काहींत प्रोसेसर ६४-बिट आणि प्रारंभिक फर्मवेअर मात्र ३२-बिट, अशी विसंगती होती. त्यामुळे लिनक्स बसविणे किचकट झाले. विंडोजच्या अद्ययावतीकरणालाही ३२ गिगाबाइट अपुरे पडू लागले, आणि मेमरी व साठवण मदरबोर्डवर पक्की जोडलेली असल्याने ती वाढविताही येईना. ही यंत्रे दोन्ही प्रणालींच्या दृष्टीने अल्पायुषी ठरली. त्यांच्या तुलनेत मेमरी आणि डिस्क बदलता येणारा, कार्यालयीन वापरासाठी बांधलेला जुना लॅपटॉप अधिक उपयुक्त असतो.

म्हणून तुलनात्मक तक्त्यात किमतीच्या आधी काही रकाने येणे आवश्यक आहे : पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून वायफाय, टचपॅड, आवाज, प्रकाशमान आणि झाकण मिटल्यावरची निद्रावस्था तपासली काय, मेमरी व डिस्क बदलता येते काय, बॅटरी स्थानिक बाजारात मिळते काय, आणि देवनागरी मजकूर पुरेसा दिसतो काय. ही तपासणी विक्रेत्याच्या दुकानात अर्ध्या तासात होते आणि तिला कोणताही खर्च येत नाही.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर रास्त आक्षेप घेता येतात. वाणिज्य शाखेत टॅली शिकवावी लागते आणि ती विंडोजसाठी आहे. काही प्रशासकीय कामांसाठी ठराविक डिजिटल स्वाक्षरी साधने किंवा मुद्रक लागतात. संगणक साहाय्यकाला विंडोजचा सराव असतो. या अडचणी खऱ्या आहेत आणि ‘शिकले की जमेल’ एवढ्या उत्तराने त्या सुटत नाहीत. अशा कामांसाठी स्वतंत्र विंडोज संगणक ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग होय. परंतु अध्यापकाचे बहुतांश काम, म्हणजे लेखन, वाचन, सादरीकरण, गुणतक्ते आणि इंटरनेट, लिब्रेऑफिस व फायरफॉक्सवर निर्वेधपणे होते. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने यांतील अनेक साधनांचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. पेरूचा धडा येथे लागू पडतो : प्रशिक्षणाची तरतूद नसलेली मुक्त प्रणाली थोड्याच काळात पुसली जाते.

निष्कर्ष

एक्सओ-१ आणि ई-पीसी ७०१ यांपैकी बाजारात यशस्वी झाले ते दुसरे. तरीही मुक्ततेच्या दृष्टीने टिकाऊ वारसा पहिल्याचा आहे. दोहोंतील फरक क्षमतेचा किंवा किमतीचा नव्हता. मुक्त प्रणाली कशासाठी स्वीकारली या प्रश्नाच्या उत्तराचा होता. ज्या महाविद्यालयात लिनक्स केवळ दरपत्रकातील रक्कम कमी करण्यासाठी घेतली जाते, तेथे नेटबुकचा इतिहास छोट्या प्रमाणावर पुन्हा घडतो. यंत्राचे आयुष्य वाढावे, स्वतःचे लेखन स्वतःच्या ताब्यात राहावे आणि विद्यार्थ्याला यंत्राच्या आत डोकावता यावे, यांसाठी ती घेतली जात असेल, तर तसे खरेदी समितीच्या कार्यवृत्तात नमूद असणे योग्य ठरेल. कारण लिहून ठेवलेले असले की किमतीतील फरक मिटल्यावरही निवड टिकते.